मेंदूची शस्त्रक्रिया आणि भुलीचे डॉक्टर : माणसांचा हिशोब

विनयपिटकाच्या महावग्गात जीवक वैद्याची एक हकीकत आहे. राजगृहातला एक श्रेष्ठी सात वर्षे डोक्याच्या दुखण्याने बेजार होता. मोठमोठ्या वैद्यांनी हात टेकले होते. कोणी म्हणे पाच दिवसांत जाईल, कोणी म्हणे सात. जीवकाने त्याला मंचकावर निजवले, मंचकाला बांधले, डोक्याची कातडी चिरली, कवटीचा सांधा उघडला, आतले दोन किडे काढून लोकांना दाखवले, सांधा मिटवला, कातडी शिवली आणि वर लेप लावला. विहारात ही गोष्ट आपण जीवकाच्या कौशल्याची म्हणून ऐकतो. आरोग्याच्या या पानासाठी तिच्यातला एकच शब्द घेऊ : बांधले. भूल नव्हती, म्हणून बांधले.

भूल जगाला मिळाली ती १६ ऑक्टोबर १८४६ रोजी. अमेरिकेतल्या बोस्टन शहरात विल्यम मॉर्टन या दंतवैद्याने ईथर हुंगवून रुग्णाला निजवले आणि सर्जनने त्याच्या मानेवरची गाठ काढली. पुढच्याच वर्षी, मार्च १८४७ मध्ये, कलकत्त्यात ईथर वापरले गेले. म्हणजे ही विद्या अजून दोनशे वर्षांचीही नाही. ईथर मागे पडून कितीतरी वर्षे झाली, औषधे बदलली, यंत्रे आली. पण भूल देणारा माणूस रुग्णाच्या उशाशी बसलेला असावा लागतो, हे तेव्हापासून बदललेले नाही. आणि त्या माणसाची गणती आपण कधी करत नाही.

हुपरी, पट्टणकोडोली, रेंदाळ, यळगूड, तळंदगे या गावांतल्या आपल्या वस्त्यांत एक प्रश्न वारंवार ऐकू येतो. मोटारसायकल घसरली, डोक्याला मार लागला, पोराला घेऊन दवाखाना गाठला. तिथे डॉक्टर होते, सिटी स्कॅन होते, मग "पुढे न्या" का म्हणाले? कोणी म्हणते, आपण गरीब म्हणून. कोणी म्हणते, आपली जात बघून. तसे कधीच घडत नाही असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. पण बहुतेक वेळा कारण एका साध्या वजाबाकीत असते : मेंदूचे ऑपरेशन करायला जितकी माणसे एकाच वेळी लागतात, तितकी त्या रात्री तिथे नसतात. त्यांत सगळ्यांत आधी कमी पडतो तो भुलीचा डॉक्टर, म्हणजे भूलतज्ज्ञ. ही वजाबाकी समजून घेतली तर राग योग्य दाराशी नेता येतो.

निजवून निघून जाणारा डॉक्टर नव्हे

पुष्कळांना वाटते, भुलीचा डॉक्टर सुई देतो आणि जातो. तसे नाही. सर्जन चाकू हातात घेण्याच्या आधीपासून रुग्ण पुन्हा शुद्धीवर येईपर्यंत तो जागचा हलू शकत नाही. चांदीची मूस भट्टीवर असताना आटणीवाला जसा उठत नाही, तसेच हे. फरक इतकाच की चांदी पुन्हा आटवता येते.

मेंदूच्या ऑपरेशनात हे काम अधिक नाजूक का होते, ते पाहा. माणसाचा मेंदू साधारण १३०० ते १४०० ग्रॅमचा, म्हणजे शरीराच्या वजनाच्या दोन टक्के. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ सातवा हिस्सा एकटा मेंदू घेतो. हा मेंदू हाडाच्या बंद पेटीत असतो. हाताला मार लागला तर हात सुजतो. मेंदू सुजला तर त्याला पसरायला जागाच नसते. आत रक्त साकळले, सूज आली, की पेटीतला दाब वाढतो, आणि दाब वाढला की ताजे रक्त आत शिरत नाही. मग जो भाग मारातून वाचलेला असतो, तोही गुदमरू लागतो.

हा दाब हाताळण्याचे बरेचसे काम भूलतज्ज्ञाकडे असते. रुग्ण श्वास किती वेळा आणि किती खोल घेतो, हे तो यंत्रावरून ठरवतो. कारण रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढला की मेंदूतल्या रक्तवाहिन्या फुगतात, मेंदू वर येतो आणि सर्जनला आत हात घालता येत नाही. तो फार कमी केला तर वाहिन्या इतक्या आकसतात की मेंदू उपाशी राहतो. रक्तदाब वर गेला तर रक्तस्राव, खाली आला तर पोषण बंद. डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाचा रक्तदाब थोडा वेळ जरी फार खाली गेला किंवा रक्तातला प्राणवायू घटला, तरी मृत्यूचा धोका कितीतरी वाढतो, हे अभ्यासांतून पक्के झालेले आहे. म्हणजे सर्जनचा हात कितीही कसलेला असो, उशाशी बसलेल्या माणसाची नजर ढळली तर ऑपरेशन चांगले होऊन रुग्ण वाईट होतो.

ऑपरेशन संपल्यावरही त्याचे काम संपत नाही. पोटाच्या ऑपरेशननंतर रुग्ण तासभर गुंगीत राहिला तर फारसे बिघडत नाही. मेंदूच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांना लगेच पाहायचे असते की तो डोळे उघडतो का, हात दाबतो का, नाव सांगतो का. म्हणून भूल अशी द्यावी लागते की ती वेळेवर उतरेल. काही गाठी बोलण्याच्या केंद्राजवळ असतात. तेव्हा कवटी उघडल्यावर रुग्णाला मधेच जागे करतात आणि तो बोलत असताना गाठ काढतात. मेंदूला स्वतःला वेदना कळत नाही, म्हणून हे जमते. जीवकाचा श्रेष्ठी बांधलेला जागा होता. आजचा रुग्ण मोकळा, शांत आणि जागा असतो. या दोन जागेपणांमधले अंतर भूलशास्त्राने कापले आहे.

असा डॉक्टर घडायला किती वर्षे लागतात? एमबीबीएस इंटर्नशिपसह साडेपाच वर्षे. त्यानंतर भूलशास्त्रात एमडी तीन वर्षे. मेंदूच्या भुलीचे खास शिक्षण, म्हणजे न्यूरोअ‍ॅनेस्थेशियातले डीएम, आणखी तीन वर्षे. एकूण साडेअकरा. दिल्लीचे एम्स, चंदीगडचे पीजीआय, बंगळूरचे निम्हान्स, तिरुवनंतपुरमचे श्री चित्रा या संस्थांत हे शिक्षण मिळते. देशातल्या जागा फार थोड्या. म्हणून प्रत्यक्षात आपल्याकडे मेंदूच्या बहुतेक ऑपरेशनांना एमडी किंवा डिप्लोमा झालेले, अनुभवाने तयार झालेले भूलतज्ज्ञच उभे असतात. त्यात कमीपणा काही नाही. पण अनुभवी माणूस हवा असेल तर त्याला त्या कामावर टिकवावे लागते. दर सहा महिन्यांनी कंत्राट संपवून नवा माणूस आणला तर तो अनुभव कोणाकडेच साठत नाही.

एक पद म्हणजे चोवीस तास नव्हेत

आता हिशोब करू. वही-पेन्सिल घ्या, दहावीतल्या पोरांना बसवा.

एका ऑपरेशन थिएटरसाठी रात्रंदिवस एक भूलतज्ज्ञ हजर ठेवायचा आहे. वर्षाचे तास किती? ३६५ गुणिले २४, म्हणजे ८७६०. एक डॉक्टर आठवड्याला ४८ तास काम करतो असे धरा. रजा, सण, आजारपण, प्रशिक्षण वजा जाता वर्षाचे ४४ आठवडे हाती लागतात. ४४ गुणिले ४८, म्हणजे २११२ तास. ८७६० ला २११२ ने भागा : चारपेक्षा थोडे जास्त. म्हणजे खुर्ची एक, पण ती कधीच रिकामी राहू नये म्हणून माणसे चार, आणि वर थोडे.

पण खुर्ची एक पुरत नाही. रात्री दोन वाजता डोक्याच्या माराचा रुग्ण टेबलावर आहे, ऑपरेशन अजून तीन तास चालणार आहे, आणि तेवढ्यात अडलेली बाळंतीण आली. तिचे सिझेरियन कोण करणार? सर्जन दुसरा मिळेल, परिचारिका मिळेल, भूलतज्ज्ञ मात्र कवटी उघडलेल्या रुग्णाला सोडून उठू शकत नाही. म्हणून खुर्च्या दोन लागतात आणि माणसे आठ-नऊ. शिवाय दिवसा ठरलेली ऑपरेशने असतातच. दोन टेबले, रोज आठ तास, आठवड्याचे सहा दिवस, एवढ्याचे आणखी अडीच माणसांचे काम होते. एकूण अकराच्या घरात गेलो. यात ऑपरेशनआधीची तपासणी, एमआरआयच्या वेळी लहान मुलांना द्यावी लागणारी गुंगी आणि आयसीयूतली व्हेंटिलेटरची जबाबदारी अजून धरलेलीच नाही.

यावर कोणी म्हणेल, रात्री हजर कशाला, घरून बोलावता येते की. येते. पण तो दिवसभर काम करून झोपलेला असतो, आणि तो दवाखान्यापासून किती लांब राहतो यावर रुग्णाचे नशीब टांगलेले असते. छोट्या शहरांत खासगी दवाखान्यांचे बरेच भूलतज्ज्ञ फिरते असतात. एका दवाखान्यातले काम आटोपून दुसऱ्यात जातात. हर्नियासाठी ही सोय चालून जाते. मेंदूच्या रुग्णाला ऑपरेशननंतरही दोन-तीन दिवस कोणीतरी जवळ लागतो, तिथे फिरता डॉक्टर अपुरा पडतो.

परिचारिकांचेही तेच. व्हेंटिलेटरवरच्या एका रुग्णाला एक परिचारिका असे प्रमाण मानतात. चार खाटांचा मेंदूचा आयसीयू चालवायचा तर वरच्याच भागाकाराने सतरा परिचारिका लागतात. नेते फीत कापतात ती खाटांची. सतरा परिचारिकांच्या नेमणुकीला फीत नसते.

आयसीयूची कल्पनाच एका भूलतज्ज्ञामुळे आणि माणसांच्या पाळ्यांमुळे जन्माला आली. १९५२ साली डेन्मार्कच्या कोपनहेगन शहरात पोलिओची साथ आली. रुग्णांचे श्वासाचे स्नायू निकामी होत होते. ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने ऑपरेशन थिएटरातली रीत बाहेर आणली : घशात नळी घालून हाताने पिशवी दाबत हवा द्यायची. यंत्रे पुरेशी नव्हती. तेव्हा शेकडो वैद्यकीय विद्यार्थी पाळीपाळीने, दिवसरात्र, खाटेशेजारी बसून पिशव्या दाबत राहिले आणि मृत्यू झपाट्याने घटले. यंत्राची उणीव माणसांनी भरून काढली. उलटे कधी होत नाही : भिंतीला लावलेला व्हेंटिलेटर माणूस नसेल तर नुसते कपाट असते. हे आपण कोविडच्या काळात पाहिलेच. तेव्हा भूलतज्ज्ञ व्हेंटिलेटरच्या वॉर्डांकडे वळवावे लागले आणि ठरलेली ऑपरेशने पुढे ढकलावी लागली, कारण माणसे तीच होती.

जिल्ह्याच्या पातळीवर पाहायचे तर, भूलतज्ज्ञांच्या जागतिक महासंघाचे म्हणणे आहे की लाख लोकांमागे किमान ५ भूलतज्ज्ञ असावेत. कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत ३८ लाख ७६ हजार होती. म्हणजे सरकारी-खासगी मिळून किमान १९४. तेही सगळ्या प्रकारच्या ऑपरेशनांसाठी, एकट्या मेंदूसाठी नव्हे. हे आकडे १५ वर्षांपूर्वीच्या लोकसंख्येवरचे. आज लागतील ते याहून जास्त.

हकीम शेख यांची रात्र

८ जुलै १९९२. पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेचे एक सभासद, हकीम शेख, संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास मथुरापूर स्टेशनवर रेल्वेतून पडले. डोक्याला जबर मार, मेंदूत रक्तस्राव. प्राथमिक आरोग्य केंद्राने पुढे पाठवले. रात्री पावणेबाराला कलकत्त्यातले पहिले मोठे सरकारी रुग्णालय : तपासले, एक्स-रे काढले, ताबडतोब दाखल करायला हवे असे लिहिले, पण खाट नाही. दुसरे : खाट नाही. तिसरे : मेंदूचा तातडीचा विभाग नाही. चौथे : खाट नाही. सकाळी आठला मेंदूरोगांच्याच सरकारी संस्थेत नेले. बाहेर पैसे देऊन काढलेले सिटी स्कॅन पाहून तिथे सांगितले की ही तातडीची केस इथे हाताळता येणार नाही. शेवटी खासगी रुग्णालयात उपचार झाले आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. शेतमजुराला १७ हजार, १९९२ साली.

ते गप्प बसले नाहीत. त्यांची संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. ६ मे १९९६ रोजी निकाल लागला : सरकारी रुग्णालयाने तातडीचा उपचार वेळेवर न देणे हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भंग आहे. २५ हजार रुपये भरपाई द्यायला लावली. आणि पैसे नाहीत म्हणून सरकारला ही जबाबदारी टाळता येणार नाही, असेही न्यायालयाने बजावले. बाबासाहेबांनी लिहून ठेवलेल्या हक्काचा हा अर्थ एका शेतमजुराच्या फुटलेल्या डोक्यातून पुढे आला. गंमत अशी की "खाट नाही" हे कारण लिहिले गेले, "माणूस नाही" हे कोणी लिहीत नाही. पण खाट म्हणजे शेवटी तिच्याशेजारचा माणूसच.

आपल्या राज्याचेही एक उदाहरण डोळ्यांपुढे ठेवा. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या चोवीस तासांत नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ रुग्ण दगावले, त्यात १२ नवजात बाळे होती. मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि सरकारला मंजूर पदे किती, रिक्त किती, याची माहिती विचारली. न्यायाधीशांनीही औषधांबरोबर माणसांचाच हिशोब मागितला.

कोल्हापूरला एक वेगळी अडचण आहे, पुराची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये महामार्ग पाण्याखाली गेला आणि वाहतूक दिवसचे दिवस बंद राहिली. एरवी "पुढे न्या" म्हणता येते. तेव्हा पुढे रस्ताच नव्हता. जिथे दरवर्षी पावसाळ्यात रस्ता तुटण्याची भीती असते, तिथे नदीच्या दोन्ही काठांवर भूलतज्ज्ञ असायला हवेत. याला नियोजन म्हणतात. पाणी ओसरल्यावर बैठक घेणे म्हणजे नियोजन नव्हे.

कार्ड आणि डॉक्टर

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेने आपल्या घरांवरचा मोठा बोजा उतरवला आहे, हे मान्य केलेच पाहिजे. मेंदूची बरीच ऑपरेशने तिच्यात बसतात. रेशन कार्ड आणि आधार कार्ड घरात एका पिशवीत ठेवा. योजनेतल्या प्रत्येक दवाखान्यात आरोग्यमित्र बसलेला असतो, त्याला आधी गाठा. योजनेचा फोन १५५३८८. पण कार्ड बिल भरते, डॉक्टर तयार करत नाही. एखाद्या सरकारी रुग्णालयात पद रिक्त असेल तर योजनेचा पैसा खासगी दवाखान्याकडे वाहतो आणि सरकारी खुर्ची रिकामीच राहते.

या रिकाम्या खुर्चीचा आपल्याला दुहेरी फटका बसतो. रुग्ण म्हणून बसतोच. दुसरा फटका नोकरीचा. राजर्षी शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ च्या हुकुमाने, कोल्हापूर संस्थानात यापुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागास वर्गांना द्यायच्या, असे ठरवले. हुकूमच मुळी रिकाम्या जागांचा होता. जागा भरलीच नाही, तर आरक्षण कागदावर राहते. ती कंत्राटाने भरली, तर बिंदुनामावली कोण तपासतो? आपल्याच हातकणंगले तालुक्यातल्या माणगावात १९२० साली शाहू महाराज आणि बाबासाहेब एका मंडपात बसले. तिथून दहा-पंधरा किलोमीटरवरच्या आपल्या मुलांनी ही मोजणी विसरू नये.

आणखी एक गोष्ट पालकांना माहीत असावी. एमडीच्या अखिल भारतीय कोट्यात अनुसूचित जातींना १५ टक्के आणि महाराष्ट्राच्या कोट्यात १३ टक्के जागा आहेत. डीएमच्या प्रवेशासाठी होणाऱ्या नीट-एसएस परीक्षेत मात्र जातीनिहाय आरक्षण नाही. म्हणजे मेंदूच्या भुलीची जी शेवटची पायरी, तिथे आपल्या मुलीला हात धरणारे कोणी नाही. ती पायरी चढायची तर पहिल्या दोन पायऱ्यांवर गर्दी हवी. यंदा बारावीला बसलेली मुलगी साडेआठ वर्षांनी भूलतज्ज्ञ होते. तोवर चांदीकामात मन लावायला सांगून तिला घरी घुंगरू भरायला बसवले, तर साडेआठ वर्षांनीही आपण "पुढे न्या" ऐकत असू. बार्टीची नीटची शिकवणी, पोस्ट मॅट्रिक शिष्यवृत्ती यांची चौकशी दहावीतच करावी. ज्यांना एमबीबीएस जमणार नाही त्यांच्यासाठी ऑपरेशन थिएटर आणि अ‍ॅनेस्थेशिया टेक्निशियनचे पदवी शिक्षण नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठात आहे. भूलतज्ज्ञाचा उजवा हात तोच असतो, आणि त्यांचीही वानवा आहे.

वेळ आली तर घराने काय करावे

पंचतारांकित एमआयडीसीची रात्रपाळी सुटते तेव्हा, आणि साखर कारखान्याच्या हंगामात मागे दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात तेव्हा, आपल्याकडे डोक्याचे अपघात होतात. हेल्मेट घाला, एवढे सांगून पुढे जातो. ते सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी ऐकत नाही.

मार लागल्यावर माणूस काही वेळ बरा बोलतो आणि मग झोपाळू होतो, हे सर्वांत फसवे. "दमलाय, झोपू दे" म्हणू नका. वारंवार उलटी, झटका, एक बाहुली मोठी दिसणे, कानातून रक्त किंवा पाण्यासारखे येणे, बोलणे अडखळणे, यातले काहीही दिसले की १०८ ला फोन करा आणि पहिल्याच वाक्यात सांगा : डोक्याला मार आहे, शुद्ध हरपत आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका. उलटी होत असेल तर मान सरळ धरून, सगळे शरीर एकदम कुशीवर वळवा. दवाखान्यात गेल्यावर आधी विचारा : इथे मेंदूचा सर्जन आणि भूलतज्ज्ञ आत्ता हजर आहेत का? नसतील तर जिथे पाठवता तिथे फोन करून दोघे आहेत याची खात्री करून द्या. नातेवाइकाने हे नम्रपणे पण ठामपणे विचारावे. डॉक्टरवर हात उगारू नये; जो एकटा हजर आहे त्यालाच मारले तर उद्या तोही नसेल.

भूलतज्ज्ञ ऑपरेशनआधी विचारतो ते सगळे खरे सांगा. शेवटचे जेवण कधी? दुधाचा चहासुद्धा जेवणात धरा. ठरलेल्या ऑपरेशनाआधी सहा ते आठ तास अन्न नाही आणि दोन तास पाणीही नाही, कारण भुलेत पोटातले फुफ्फुसात गेले तर जीव जातो. बीडी, तंबाखू, मिश्री, हलणारा दात, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, साखरेच्या गोळ्या, घराण्यात कोणाला भुलेचा त्रास झाला असेल तर तो, हे सगळे सांगा. दारूही. पाचवे शील मोडले असेल म्हणून चौथेही मोडू नये. आणि हुपरीकरांनी एक जास्तीची गोष्ट सांगावी : किती वर्षे आटणीच्या धुरात, जोडकामाच्या गॅसपाशी, तेजाबाच्या वाफेत बसलो आहोत. बाहेरगावच्या डॉक्टरला हे काम ठाऊक नसते. ती फुफ्फुसे यंत्रावर ठेवायची आहेत, म्हणून त्याला ते माहीत असले पाहिजे.

विहाराच्या अभ्यासवर्गासाठी

माहितीच्या अधिकाराचा एक अर्ज या महिन्यात प्रत्येक विहाराने करावा अशी आमची सूचना आहे. इचलकरंजीचे इंदिरा गांधी रुग्णालय सार्वजनिक आरोग्य विभागाचे, तर कोल्हापूरचे सीपीआर वैद्यकीय शिक्षण विभागाकडच्या महाविद्यालयाला जोडलेले. म्हणून अर्ज वेगवेगळे करावे लागतात. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. दारिद्र्यरेषेखालील असल्यास दाखला जोडा, फी लागत नाही. अर्ज मराठीतच लिहा. उत्तर तीस दिवसांत यायला हवे. न आल्यास पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करा.

विषयाच्या जागी लिहा : भूलशास्त्र विभागातील पदे. आणि विचारा : आजच्या तारखेला मंजूर पदे किती, भरलेली किती, त्यात कायम किती व कंत्राटी किती. रिक्त पदे कोणत्या तारखेपासून रिक्त आहेत. बिंदुनामावलीप्रमाणे त्यातली अनुसूचित जातीची किती. रात्री आठ ते सकाळी आठ प्रत्यक्ष हजर भूलतज्ज्ञ किती, गेल्या महिन्याच्या ड्यूटीच्या तक्त्याची प्रत द्यावी. गेल्या वर्षी डोक्याच्या माराचे किती रुग्ण दुसरीकडे पाठवले आणि नोंदवहीत त्याचे कारण काय लिहिले. उत्तराची एक प्रत विहाराच्या फाइलमध्ये लावा, एक नगरपरिषदेतल्या आपल्या सदस्याला द्या, आणि सहा महिन्यांनी तोच अर्ज पुन्हा टाका.